गुडघ्याच्या टेस्ट ब्लॉकच्या दिवशी झोपून राहू नका

मी फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याची झीज झालेले, पण ऑपरेशन नको असलेले पेशंट हल्ली 'आरएफ सांगितलंय' म्हणत येतात. आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, रेडिओलहरींच्या उष्णतेचा उपचार. गुडघ्याचं दुखणं मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसांपैकी सहसा तीन नसांजवळ सुई नेतात आणि तिच्या टोकाशी साधारण ८० अंश सेल्सिअस उष्णता देऊन त्या बंद पाडतात. "लकवा नाही ना मारणार?" हा ठरलेला प्रश्न. या नसा दुखणं कळवणाऱ्या आहेत. पाय उचलण्याचं काम त्यांच्याकडे नाही.

त्याआधी टेस्ट ब्लॉक असतो. त्याच जागी फक्त भुलीचं औषध सोडतात. गुण आला तरच आरएफ. आणि नेमकं इथेच लोक घोळ घालतात. इंजेक्शन घेऊन घरी जातात, पाय उशीवर ठेवून झोपतात. मग दुखणं कमी झालं की नाही, कळणार कसं?

त्या सकाळी वेदनाशामक गोळी टाळायची का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. इंजेक्शनआधी दहापैकी किती दुखतंय ते लिहा. घरी आल्यावर जे एरवी दुखतं तेच करा: जिना चढा-उतरा, खुर्चीतून हात न टेकता उठा. सोबत कुणीतरी हवंच. दर तासाला आकडा लिहा. 'बरं वाटलं' असं नको. 'जिना उतरताना ८ होतं, आता ३' असं. दुखणं निम्म्यावर आलं तर पुढे जाण्यात अर्थ आहे. संध्याकाळी पुन्हा ठणकलं तर घाबरू नका, भूल तेवढीच टिकते.

रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, मधुमेह हे डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

आरएफनंतर काही दिवस सुया टोचलेल्या जागा दुखतात. कापडात गुंडाळून बर्फ लावा. ताप आला, गुडघा लाल होऊन सुजला, तर लगेच फोन करा. खरा आराम कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी पडतो. तो साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो, कारण नसा पुन्हा वाढतात.

हे महिने मांडीचे स्नायू कमावण्याचे. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडी घालून बसायची घाई नको, झीज तिथेच आहे. खुर्चीवर बसून पूजा केली तर देव रागावत नाही.