लिनक्सवर विंडोजचे गेम कसे चालवायचे

लिनक्सवर गेम चालत नाहीत असं अजूनही बरेच जण म्हणतात, पण २०१८ मध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व कंपनीने प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, आणलं तेव्हापासून चित्रच बदललंय. आधी ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट करा, मग स्टीम टाका, बस्स. पूर्वी सेटिंग्जमध्ये कम्पॅटिबिलिटी उघडून सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले, म्हणजे प्रोटॉन वापरायची सोय, चालू करावी लागायची, आता नव्या स्टीममध्ये ती आपोआप चालू असते. प्रोटॉन काय करतं तर गेमने डायरेक्टएक्सकडे (विंडोजच्या ग्राफिक्स यंत्रणेकडे) मागितलेलं काम वल्कनकडून (लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स यंत्रणेकडून) करून घेतं, म्हणून सुरुवातीला शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे, चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार व्हायला वेळ लागतो, तो लागू द्या, घाईने स्किप केलंत तर ऐन खेळात गेम अडकत अडकत चालतो. गेम एनटीएफएस ड्राइव्हवर (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर) ठेवू नका, फार त्रास होतो. आणि हो, काही ऑनलाइन गेम अँटीचीटमुळे (फसवून खेळणाऱ्यांना रोखणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) चालतच नाहीत, व्हॅलोरंट त्यातलाच, त्यासाठी विंडोज ठेवावंच लागतं.