अनोळखी माणसांचे फोटो काढताना हात आखडायचा, तो असा सुटला

कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत छाती धडधडायची, तोवर माणूस पुढे गेलेला. टेलिलेन्सने लांबून काढून पाहिलं, कमरेजवळून न बघता काढलं, चोरटेपणाच वाढला. वर्षभर नुसती चिडचिड.

मग आधी कॅमेऱ्याची सेटिंग्ज ठरवली: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा), ३५ मिमी लेन्स (थोडं रुंद दृश्य घेणारी), एफ/८ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणून जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट), शटर १/२५० सेकंद, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ऑटो. मॅन्युअल फोकस, म्हणजे हाताने लावलेला, अडीच मीटरवर कायम. साधारण पावणेदोन ते पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, चाचपडणं संपतं.

पहिले दहा फोटो विचारूनच: "तुमचा एक फोटो काढू का?" नकार आला तर "बरं" म्हणून पुढे. एका आजोबांनी आधी चष्मा पुसला, मग मान ताठ केली.

त्यानंतरच न विचारता. एका कोपऱ्यावर अर्धा तास उभा राहिलो, माणसं चौकटीत येऊ दिली. क्लिक झाल्यावर कॅमेरा लपवला नाही. नजर मिळवून हसलो. बहुतेक जण हसले. कोणी हरकत घेतली की फोटो त्याच्यासमोरच डिलीट करतो.