व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प की मॉडेलर? आधी घरातलं व्होल्टेज मोजा

मालवणात आमच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं, पण बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात कापसात गुंडाळलेले आठ-दहा व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या (इंग्रजीत ट्यूब), माझ्याकडे अजून आहेत. त्यातला एक ईएल८४. मोठ्या रेडिओत शेवटी स्पीकर हलवायचं काम त्याचं असायचं. पुढे मी पुण्याहून व्हॉक्स एसी१५ हा एक जुना गिटारचा अ‍ॅम्प आणला आणि मागची पाठ काढून बघतो तर आत तेच दोन ईएल८४ बसलेले. त्यामुळे गिटारवाली मुलं 'ट्यूब टोन' म्हणत डोळे मिटायला लागली की मला वडिलांचा सोल्डरचा वास येतो, बाकी काही नाही.

गेल्या वर्षी भाचा लाइन सिक्स कंपनीचं एचएक्स स्टॉम्प घेऊन आला. हे मॉडेलर, म्हणजे वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारी डबी. वजन सव्वा किलोच्या आसपास. माझ्या अ‍ॅम्पकडे बघून म्हणाला, "मामानू, ह्यां बावीस किलोचां धूड कित्याक उचलतास? ह्येच्यात असले शंभर आसत." म्हटलं, आसत तर आसत, एकदा समोरासमोर बसवून बघूया. एका दुपारीत आटपेल असं वाटलं होतं. तीन रविवार गेले, कारण पहिले दोन रविवार आम्ही चुकीची तुलना करत होतो. तुम्हाला करायची असेल तर आमच्या चुका टाळून करा.

पहिलं काम मल्टिमीटरचं

गिटार नंतर. आधी मल्टिमीटर एसीवर लावा आणि ज्या प्लगवर अ‍ॅम्प लावणार तिथलं व्होल्टेज बघा. मुंबई-पुण्यात हे कोणी सांगत नाही, कारण तिथे फारशी गरज पडत नाही. आमच्याकडे चाकरमानी गणपतीला उतरले, घराघरात पंखे, मिक्सर, पंप सुरू झाले की संध्याकाळी सातला मी स्वतः १८७ व्होल्ट मोजलेत. आमचं घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावर आहे, त्याचाही हात असणार.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये सगळं एकाच ट्रान्सफॉर्मरवरून येतं. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट लागतात. २३० च्या जागी १८७ आले की तिथे ५.१ च पोचतात. जिथे ३२० व्होल्ट डीसी हवेत तिथे २६० च्या आसपास. अ‍ॅम्प बंद पडत नाही, वाजतो. पण आवाज लवकर फाटतो, खर्ज सैल होतो, तार छेडल्यावर आवाज किंचित दबून मग वर येतो. काहींना तोच आवडतो. गिटारवादक एडी व्हॅन हेलन मुद्दाम व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करायची पेटी) लावून मार्शल अ‍ॅम्पला कमी व्होल्टेज द्यायचा. आपल्याकडे ती सोय फुकट आहे, फक्त कधी येईल ते आपल्या हातात नाही.

मॉडेलरच्या अ‍ॅडॅप्टरवर काय छापलंय तेही वाचा. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असं असतं. म्हणजे १८७ त्याच्या गावीही नसतात. लाईट पूर्ण गेली तरच तो मरतो, आणि परत आल्यावर सुरू व्हायला वेळ घेतो. ऐन गाण्यात तेवढा वेळ फार मोठा असतो. तेव्हा छोटा यूपीएस जवळ असू दे.

आम्ही पहिल्या रविवारी संध्याकाळी वाजवलं आणि मी छातीठोकपणे सांगितलं की बघ, खऱ्या व्हॉल्व्हचा गोडवा ह्या डबीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मीटरवर २२९ होते. त्यावर तोच अ‍ॅम्प लावला तर गोडवा अर्धा गायब! मी कौतुक करत होतो ते लाईनवरच्या लोडचं. तेव्हा तुलना २२५ ते २३५ मध्ये करा. फ्रिजचा स्टॅबिलायझर टकटक करत पायऱ्यांनी उड्या मारतो, तो नको. सर्व्हो (उड्या न मारता सलग जुळवून घेणारा) असेल तर ठीक, नाहीतर सकाळी लवकर उठा. अ‍ॅम्प पंधरा-वीस मिनिटं तापू दे, मगच ऐका.

स्पीकर एकच ठेवा

दुसऱ्या रविवारची चूक ही. माझा अ‍ॅम्प त्याच्या बारा इंची स्पीकरमधून आणि भाच्याचं मॉडेलर गाण्याच्या मॉनिटर स्पीकरमधून. अशी तुलना जगभर चालते आणि ती व्यर्थ आहे. मॉडेलरमधून थेट येतो तो अ‍ॅम्पसमोर माइक ठेवून घेतलेला आवाज. खोलीत उभं राहून ऐकतो तो वेगळा. देवळासमोर पुढच्या रांगेत बसून दशावतार बघायचा आणि तोच प्रयोग घरी अंथरुणात पडून लांबच्या कर्ण्यावरून ऐकायचा, एवढा फरक. त्यात मृदुंगवाल्याचा दोष नसतो.

गिटारच्या आवाजात स्पीकर आणि त्याच्या पेटीचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. व्हॉल्व्ह बदलल्याने जेवढं बदलत नाही तेवढं स्पीकर बदलल्याने बदलतं. म्हणून मॉडेलर एका साध्या ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्पमधून त्याच स्पीकरला जोडा आणि मॉडेलरमधला कॅबचा ब्लॉक (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद करा. ही पायरी विसरलात तर आवाज दोनदा पेटीतून जातो आणि गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. उलट मिक्सरमध्ये थेट लावताना कॅब चालूच हवा, नाहीतर आवाज गांधीलमाशीसारखा येतो.

वायर बदलताना मात्र डोकं ताळ्यावर ठेवा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा स्पीकर काढायचा तर आधी अ‍ॅम्प बंद. चालू अ‍ॅम्पला स्पीकर नसेल आणि कोणी तार छेडली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरला स्पीकर नसलेला चालतो, व्हॉल्व्हला नाही. आणि आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट बसून असतात. वडील एक हात खिशात ठेवून काम करायचे, ते उगीच नाही.

मॉडेलरमध्ये कोणतं मॉडेल घ्यायचं? आपल्या अ‍ॅम्पचंच. एचएक्समध्ये एसी१५ च्या जातीच्या मॉडेलला एसेक्स ए१५ म्हणतात. दोन्हीकडे नॉब एकाच आकड्यावर ठेवायचा हट्ट करू नका. दहा वर्षं जुन्या अ‍ॅम्पच्या नॉबवरचा पाच म्हणजे खरा पाच असेलच असं नाही. कानाने जुळवा. रिव्हर्ब, ट्रेमोलो दोन्हीकडे बंद.

आवाजाची पातळी: अर्धा डेसिबलही खोटं बोलतो

दोन आवाजांतला जो जरासा मोठा तो आपल्याला जास्त 'भरीव' वाटतो. माणसाचा कानच तसा आहे. दुकानदार हे पक्कं ओळखून असतात. मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप घ्या, स्पीकरपासून एक मीटरवर स्टुलावर ठेवा, हलवू नका. तोच कॉर्ड त्याच जोराने दहा-बारा वेळा वाजवून दोन्ही आकडे अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. मोबाइलचा आकडा खरा नसला तरी चालतो, दोन्ही वेळा सारखाच खोटा असला की झालं.

पातळी बरीच हळू ठेवूनही चालणार नाही. हळू आवाजात कानाला खर्ज आणि तीव्र सूर कमी ऐकू येतात. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं. घरी रात्री हेडफोनवर बसून मॉडेलरचा आवाज सजवणाऱ्या मुलांचा घात इथेच होतो. खोलीत गोड वाटावं म्हणून खर्ज आणि ट्रेबल चढवलेलं असतं, मंडपात तेच कानात सुया टोचतं आणि खालून गडगडतं. मग म्हणतात डिजिटल वाईट. ज्या जोराने वाजवणार त्या जोरानेच आवाज लावा. आमचं घर चिऱ्याचं, शेजारी काकी कडक, म्हणून आम्ही सकाळी नऊ ते अकरा एवढीच वेळ ठरवून घेतली.

डोळे बांधून

वाजवणाऱ्याचा हात दर वेळी बदलतो, म्हणून पहिल्यांदा लूपर (वाजवलेलं भरून घेऊन तेच परत वाजवणारी पेटी) वापरा. गिटार लूपरमध्ये, लूपरमधून अ‍ॅम्प किंवा मॉडेलर. पाच छोटे तुकडे भरा: एक उघडा कॉर्ड, एक हळू बोटांनी, एक जोरात पिकने, एक खालच्या दोन तारांवर, एक लांब ओढलेला सूर. दोन्हीकडे तेच तुकडे सोडा, माइक जागचा न हलवता रेकॉर्ड करा आणि दुसऱ्याला कोणत्याही क्रमाने ऐकवायला सांगून कोणता ते ओळखा. दहा वेळा.

दहापैकी सात बरोबर आले म्हणून मिशीवर ताव देऊ नका. नुसतं नाणं उडवलं तरी सात किंवा जास्त यायची शक्यता सतरा टक्के आहे. आठ किंवा जास्त साडेपाच टक्के, नऊ किंवा जास्त एक टक्का. नऊ आले तर कान खरोखर काहीतरी ऐकतोय असं धरा.

माझे नऊ आले. मी खूश. भाचा गप्प बसून पुन्हा पुन्हा ऐकत राहिला आणि म्हणाला, "मामानू, तुमी सूर नाय ऐकणास, घूं ऐकतास." खरं होतं. माझ्या अ‍ॅम्पची बारीक घूंऽऽ सूर सुरू व्हायच्या आधीच्या क्षणात येत होती आणि मी तेवढ्यावर हात वर करत होतो. त्याने अ‍ॅम्प नुसता चालू असतानाची घूं रेकॉर्ड केली आणि मॉडेलरच्या सगळ्या तुकड्यांखाली चिकटवली. दुसऱ्या फेरीत माझे सहा आले. तुम्ही ही युक्ती पहिल्याच फेरीत करा, मामाची अब्रू वाचेल.

मग स्वतः वाजवा

रेकॉर्डिंगवर फरक गेला तरी हाताखाली उरतो, आणि माझ्या मते बघायचं ते इथेच. लूपर काढून टाका, गिटार थेट लावा. अ‍ॅम्प फाटण्याच्या उंबरठ्यावर ठेवा आणि गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा. आवाज स्वच्छ होतो का? कसा होतो, पाणी निवळल्यासारखा हळूहळू की दिवा बंद केल्यासारखा? मग स्पीकरसमोर मीटरभर अंतरावर उभे राहून एक सूर धरा. स्पीकरची हवा तारेला परत हलवते आणि सूर मरायच्या ऐवजी फुलतो. हे मॉडेलरनेही होतं, फक्त स्पीकर जोरात आणि जवळ हवा. हेडफोनवर होणार नाही.

खर्जातला सैलपणा मला हाताला ओळखू आला. त्याला कारण आहे. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवतो, एसी१५ सारखा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प तसा धरत नाही, त्यामुळे स्पीकर स्वतःच्या मूळ कंपनाजवळ, म्हणजे ७५-८० हर्ट्झच्या आसपास, मोकळा डोलतो. मॉडेलरमध्ये सॅग नावाचा नॉब आहे, तो दबून वर येण्याची नक्कल करतो आणि बरी करतो. पण स्पीकरला कोण धरतंय हे मॉडेलरच्या पुढच्या अ‍ॅम्पवर ठरतं. भाच्याने पडद्याआडून जोडण्या बदलल्या तेव्हा वाजवताना मी दहातले आठ ओळखले. त्याच वेळी ओटीवर बसून ऐकणाऱ्या त्याच्या मित्राचे पाच आले.

'डिजिटलला उशीर होतो' ही तक्रार सोडून द्या. एकटं मॉडेलर साधारण दोन-तीन मिलिसेकंद घेतं. हवेत आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. तुम्ही अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभे राहिलात तर नऊ मिलिसेकंद तिथेच गेले. वायरलेस आणि आणखी डिजिटल पेट्या मागेपुढे जोडत गेलात तर मात्र बेरीज करा.

आणि पाऊस

समुद्रापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. जून लागला की व्हॉल्व्हच्या सॉकेटवर खारी हवा बसते आणि अ‍ॅम्प चुरचुरायला लागतो. व्हॉल्व्ह खराब झाला असं समजून मी एकदा नवी जोडी मागवली होती. नुसतं अ‍ॅम्प थंड करून, व्हॉल्व्ह काढून, पायांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारून परत बसवले असते तरी भागलं असतं. स्पीकरच्या कागदाला बुरशी येते. उघड्या पाठीच्या पेटीत पालीने दोन अंडी घातलेली मी स्वतः काढली आहेत. मॉडेलरला हे सगळं होत नाही असं समजू नका. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प निदान तापून स्वतःला सुकवतो, मॉडेलरच्या फूटस्विचमध्ये ओल शिरली तर शिरली. त्याला घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी वाजवा.

मंडपात काय न्यायचं हे तुमच्या वाटेवर ठरवा. मी मॉडेलर नेतो, कारण जनरेटरचं व्होल्टेज मला माहीत नसतं आणि पाखाडीच्या पायऱ्या मला माहीत आहेत. नेलं काहीही तरी प्लगमध्ये सॉकेट टेस्टर (साधा स्क्रूड्रायव्हरवाला नव्हे) घालून अर्थिंग बघा, आणि घूं जावी म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगचा तिसरा पाय कोणी कापायला लागला तर त्याच्या हातातली पक्कड काढून घ्या. एका हाताने गिटार, ओठांना माइक आणि दोघांचं अर्थिंग वेगळं, असा झटका मी खाल्ला आहे.

सध्या एसी१५ लाकडी कपाटात आहे, खाली झिरोचा बल्ब, अ‍ॅम्पपासून वीतभर लांब. कोजागिरीनंतर बाहेर काढेन. भाच्याने दिवाळीत चार दिवसांसाठी मागितलाय. म्हटलं ने, फक्त डीपीजवळच्या घरात वाजव.