अडेल घोड्याला शिकवताना: दाब किती, ढील कधी

अडेल म्हणून नाव पडलेला घोडा सहसा मंद नसतो. तो भराभर शिकतो, फक्त नको ते शिकून बसलेला असतो. मान झटकली की दोर सुटतो. मागच्या पायांवर उभं राहिलं की स्वार उतरतो. जागीच खिळून राहिलं की माणूस कंटाळतो आणि तबेल्याकडे वळतो. घोड्याच्या लेखी हे सगळे हमखास लागू पडणारे उपाय आहेत, मग तो ते का सोडेल? म्हणून 'याची रग जिरवतो' हा विचार आधी डोक्यातून काढा. चारशे-पाचशे किलोच्या जनावराशी झटापट केली तर हरणार आपणच. त्याचे जुने उपाय रोज निष्फळ ठरतील आणि योग्य उत्तर दर वेळी त्याच्या फायद्याचं ठरेल, एवढी व्यवस्था मात्र आपल्याला करता येते. त्याला आठवडे लागतात, कधी महिने.

आधी दुखणं तपासा

हट्ट समजून ज्याला मार बसतो, त्या घोड्याला कित्येकदा कुठेतरी दुखत असतं. दुखणाऱ्या घोड्याला शिस्त लावायला जाणं हा अन्याय आहे, आणि त्यातून काही साध्यही होत नाही.

मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, चार बोटं अंतर ठेवून, आयाळ संपते तिथपासून पुठ्ठ्यापर्यंत बोटांच्या टोकांनी दाबत जा. कातडी थरथरली, पाठ खाली दबली किंवा कान मागे गेले तर तिथे थांबा. काम झाल्यावर खोगीर काढून घामाचे डाग बघा. आजूबाजूला सगळं ओलं आणि मधेच एखादा कोरडा ठिपका दिसला, तर बहुधा तिथे खोगीर रुततंय. दात वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. तरुण घोड्यांत दाढांच्या पुढे एखादा छोटासा दात येतो, त्यावर कडियाळं (तोंडात अडकवलेली लगामाची लोखंडी कडी) आपटलं की घोडा मान झटकतो. खूर सहा ते आठ आठवड्यांनी साळायला हवेत.

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येणाऱ्या घोड्याच्या पोटाचा विचार करा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. तासन्‌तास उपाशी ठेवलं तर जठरात व्रण होतात. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो, दिवसभरात विभागून द्या. कामाआधी दोन-चार मुठी गवत खाऊ घाला. काम थोडं आणि दाणा भरपूर असेल तर अंगात माज दिसणारच. तिथे दाणा कमी करून घोड्याला जास्त वेळ मोकळं सोडणं हाच पहिला उपचार.

दुखणं, भीती आणि सवय वरून सारखीच दिसतात. दुखणं असेल तर घोडा ठरावीक हालचालीला किंवा ठरावीक बाजूलाच अडतो. भीती असेल तर डोकं उंच, नाकपुड्या फुललेल्या, श्वास तोकडा आणि नजर एखाद्या वस्तूवर खिळलेली. सवयीने अडणाऱ्याचा श्वास शांत असतो, एक कान तुमच्याकडे असतो आणि नजर तबेल्याकडे. पुढे जे लिहिलं आहे ते या तिसऱ्यासाठी. बुजलेल्या घोड्याला आधी त्या वस्तूपासून इतकं लांब न्या की तो पुन्हा शांतपणे श्वास घेईल; अंगात घबराट असताना त्याच्या डोक्यात काही शिरत नाही.

ढील हाच धडा

दोर ओढला की घोडा शिकतो असं वाटतं. खरं तर तो शिकतो दोर सैल होतो त्या क्षणी. दाब म्हणजे प्रश्न, ढील म्हणजे 'बरोबर'. म्हणून ढिलीची वेळ चुकली की सगळंच चुकतं. उत्तर आल्यावर सेकंदाच्या आत ढील मिळायला हवी. तीन सेकंद उशीर झाला, तर त्या मधल्या वेळात घोड्याने जे केलं, मान वर केली किंवा मागे सरकला, तेच बरोबर असं तो धरून चालतो.

दाब चार पायऱ्यांनी वाढवा. पहिली पायरी नुसत्या अंगाची: ताठ उभं राहून जिकडे जायचं तिकडे वळायचं. दुसरी, दोरावर बोटं मिटायची. तिसरी, दोर स्थिर ताणायचा, झटका न देता. चौथी, लांब काठीने बरगड्यांच्या मागच्या भागावर एका लयीत हलकं टपटप, माशी चुकवायला कातडी हलवेल एवढंच. प्रत्येक पायरीवर मनात तीन मोजा. आणि पुढच्या वेळी सुरुवात पुन्हा पहिल्या पायरीपासूनच करा, आदल्या वेळी चौथीपर्यंत जावं लागलं असलं तरी. थेट तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करणाऱ्यांचे घोडे कायम तिसऱ्या पायरीचेच राहतात.

पहिला धडा: एक पाऊल पुढे

जाड सुती दोर घ्या, साडेतीन ते चार मीटर लांब, आणि साध्या म्होरकीला अडकवा. हातमोजे, हेल्मेट आणि पक्के बूट घाला. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. घोडा उधळला तर बोटं जातात. उरलेला दोर घड्या घालून मुठीत धरा.

घोड्याच्या डाव्या खांद्यापाशी, एक हात अंतरावर, तोंड पुढे करून उभे राहा. थेट नाकासमोर उभं राहू नका, तिथलं त्याला दिसत नाही. आता दाबाच्या पायऱ्या चढा आणि बघत राहा. पाऊल उचलण्याआधी घोड्याचं वजन पुढे सरकतं. छाती किंचित पुढे झुकते, मानेचा खालचा भाग सैल पडतो, एक खूर मातीत हलका होतो. अडेल घोड्याला पहिली ढील या क्षणी द्यायची, पाऊल पडायच्या आधी. दोर लोंबू द्या, खांदे सैल सोडा आणि दहा सेकंद काहीही करू नका. तो ओठ चाटेल, जांभई देईल, मान खाली सोडेल किंवा नुसता उभा राहील. ही दहा सेकंदं वाया गेल्यासारखी वाटतात आणि घाईच्या माणसाला ती पाळवत नाहीत. पण ढील आणि पुढचा प्रश्न यांत अंतर नसेल, तर ढील कुठली ते घोड्याला कळायचं कसं?

असं पाच-सहा वेळा झालं की पूर्ण पाऊल मागा, मग दोन, मग पाच. नंतर उजव्या बाजूने सगळं पहिल्यापासून. डावीकडून पटापट चालणारा घोडा उजवीकडून कोरी पाटी निघतो, याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. एकूण वेळ १५ ते २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी तीन तास आणि मग आठवडाभर सुट्टी, या पद्धतीने काही हाती लागत नाही.

सुधारण्याआधी बिघडतं

हा टप्पा माहीत नसल्यामुळे सर्वांत जास्त माणसं हार मानतात. आजवर मान झटकून सुटका व्हायची आणि आज होत नाही, हे लक्षात आल्यावर घोडा मान झटकणं सोडत नाही. आधी तो जास्त जोरात झटकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं उलटंच झाल्यासारखं दिसतं. त्या क्षणी दोर सोडलात, तर 'हळू झटकून भागत नाही, जोरात झटकावं लागतं' हा धडा तुम्ही स्वतः दिलात. पुढच्या खेपेला तो तिथूनच सुरुवात करेल.

याहून वाईट म्हणजे दहातल्या नऊ वेळा ठाम राहायचं आणि दहाव्यांदा उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं. कधीतरीच फळणारी सवय रोज फळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते. म्हणून हाताशी पुरेसा वेळ नसेल त्या दिवशी नवा प्रश्न विचारूच नका. खरारा करा, येतंय तेवढंच करून घ्या आणि थांबा. राग आला तर तसंच: घोड्याला येणारी एखादी सोपी गोष्ट मागा, ढील द्या आणि बाहेर या. घोडा उधळतोय असं वाटलं आणि सुरक्षित अंतर राहिलं नाही तर बाजूला व्हायला लाजू नका. मात्र लगेच परत येऊन तीच गोष्ट छोट्या रूपात मागा.

सगळ्या हातांची भाषा एक

बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा बेरजा करतो, अशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ख्याती होती. उत्तराएवढ्या वेळा तो खूर जमिनीवर आपटायचा. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं अगदी किंचित हलायचं, आणि ते पाहून तो थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ता नसायचा. घोडा एवढं बारीक वाचतो. मग सकाळचा माणूस 'थांब' म्हणतो, संध्याकाळचा जीभ टाळूला लावून आवाज काढतो आणि तिसरा नुसता दोर खेचतो, तेव्हा घोड्याची काय अवस्था होत असेल? तबेल्यात फळ्यावर चार इशारे लिहा: पुढे, थांब, मागे, बाजूला हो. प्रत्येकासाठी एकच शब्द आणि एकच खूण. चारा टाकणाऱ्यालाही ते पाठ हवेत, कारण बादली हातात असताना त्याने घोड्याला अंगावर येऊ दिलं की तुमची सकाळची मेहनत फुकट.

खोगिरावर: फाटकापाशी अडणारा

घराजवळ काम, लांब विश्रांती, असा क्रम लावा. तबेल्याजवळच्या मोकळ्या जागेत दुडकीने गोल फेऱ्या, वळणं, थांबा-चला; मग फाटकाबाहेर पन्नास पावलं जाऊन लगाम सैल सोडून उभं राहायचं. परत आल्या आल्या खोगीर उतरवू नका, आणखी पाच मिनिटं काम घ्या. बाहेर आराम मिळतो हे घोड्याला काही दिवसांत पटतं.

तो अडलाच तर नाक पुढेच ठेवा. डावीकडे फिरला तर उजव्या लगामाने जिथून फिरला तिथेच परत आणा. पूर्ण गिरकी मारू दिलीत तर निम्म्या गिरकीत त्याला घर दिसतंच. पायांचा हलका दाब, प्रतिसाद नसेल तर काठीची टपटप, आणि वजन पुढे सरकताच सगळं बंद. टाच मारताना लगाम ओढून धरू नका. एकाच वेळी 'चल' आणि 'थांब' सांगितलेला घोडा वरच उठतो.

तो मागच्या पायांवर उठला तर पुढे झुका, हात मानेकडे न्या आणि लगाम सैल सोडा. तोल जाऊन लगामाला लटकलात तर घोडा पाठीवर पडेल. पुढचे पाय जमिनीला लागताच त्याला पुढे चालवा. पुन्हा उठला तर उतरा, त्याला घरी नेऊ नका, दोरावर तिथेच पुढे-मागे काम घ्या. दोनदा उठलेल्या घोड्यावर एकट्याने बसू नका. जाणत्या माणसाला बोलवा आणि तो येईपर्यंत जमिनीवरच्या धड्याकडे परत जा: सैल दोर, डावा खांदा, एक पाऊल आणि दहा सेकंद.