एका स्टाफवर दोन आवाज: कॉयरचं नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये लिहिताना

कॉयरची चार आवाजांची रचना छापताना बहुतेक वेळा दोनच स्टाफ (पाच रेघांचे पट्टे) वापरतात. वरच्या ट्रेबल क्लेफवर (क्लेफ म्हणजे स्टाफच्या सुरुवातीची सप्तक ठरवणारी खूण) सोप्रानो आणि आल्टो, म्हणजे बायकांचा उंच आणि खालचा आवाज; खालच्या बास क्लेफवर टेनर आणि बास, म्हणजे पुरुषांचा उंच आणि खालचा आवाज. सोप्रानो आणि टेनरच्या नोट्सच्या दांड्या वर, आल्टो आणि बासच्या खाली. गाणारा माणूस आपली ओळ दांडीच्या दिशेवरूनच ओळखतो, त्यामुळे ही दिशा पानभर पक्की राहायला हवी.

नवशिके इथे एक हमखास चूक करतात. दोन्ही आवाजांच्या नोट्स एकावर एक रचून कॉर्ड (एकाच दांडीवरच्या अनेक नोट्स) करतात. दोघांची लय सारखी आहे तोवर हे चालून जातं. पण आल्टोने अर्धी नोट धरली आणि सोप्रानोला त्याच वेळात तिच्या निम्म्या लांबीच्या दोन क्वार्टर नोट्स गायच्या असल्या, की गाडी अडते. एका कॉर्डमधल्या सगळ्या नोट्सचं कालमान एकच असतं, म्हणून कॉर्ड तोडून दोन स्वतंत्र थर करावे लागतात.

या थराला म्यूझस्कोर, सिबेलियस आणि डोरिको ही नोटेशन सॉफ्टवेअर ‘व्हॉइस’ म्हणतात, फिनाले ‘लेयर’ म्हणतं. गाणाऱ्याचा आवाज आणि सॉफ्टवेअरमधला व्हॉइस यांची गल्लत होऊ नये म्हणून पुढे ‘व्हॉइस’ हा शब्द फक्त थरासाठी वापरला आहे. म्यूझस्कोरमध्ये एका स्टाफवर चार व्हॉइस मिळतात आणि निवडलेली नोट पहिल्यात निळी, दुसऱ्यात हिरवी दिसते. वरच्या आवाजाला व्हॉइस १ आणि खालच्याला व्हॉइस २ द्या, आणि शेवटच्या बारपर्यंत हे वाटप मोडू नका. आल्टो क्षणभर सोप्रानोच्या वर गेली तरीही नाही. दांड्या आपल्या दिशेला राहतात म्हणूनच ओळींनी एकमेकींना ओलांडलं हे वाचणाऱ्याला कळतं.

४/४ चा एक बार (चार ठोक्यांचा खंड) म्यूझस्कोर ४ मध्ये लिहून पाहा. सोप्रानोला ए ही अर्धी नोट, मग बी आणि सी या क्वार्टर नोट्स. आल्टोला एफ आणि जी क्वार्टर नोट्स, मग ई अर्धी नोट. बार निवडून एन दाबा, मग कंट्रोल-आल्ट-१ (मॅकवर कमांड-ऑप्शन-१). ६ दाबून ए, ५ दाबून बी आणि सी. आता कर्सर पुढच्या बारच्या तोंडाशी आहे. इथेच व्हॉइस बदललात तर आल्टो पुढच्या बारमध्ये जाऊन पडेल. म्हणून एस्केप दाबा, पहिल्या ठोक्यावरची नोट निवडा, पुन्हा एन, कंट्रोल-आल्ट-२, मग ५ दाबून एफ आणि जी, ६ दाबून ई. सप्तक चुकलं तर कंट्रोल धरून वरचा किंवा खालचा बाण दाबा. दुसरा व्हॉइस भरताच पहिल्याच्या दांड्या आपोआप वर जातात. त्यांना हात लावू नका. एक्स दाबून दांडी उलटवता येते, पण नोट तिच्या जुन्या व्हॉइसमध्येच राहते आणि पुढे कॉपी करताना किंवा शब्द भरताना ही चूक वर येते.

आल्टो बारच्या मधूनच सुरू होत असेल तर आधीच्या ठोक्यांवर व्हॉइस २ च्या रेस्ट्स (गप्प राहण्याच्या खुणा) दिसतात. आल्टो तिथे खरोखर गप्प असेल तर त्या हव्यातच. दोघी मिळून एकच ओळ गात असतील तर ‘युनिस.’ लिहून ती ओळ व्हॉइस १ मध्ये ठेवा आणि व्हॉइस २ च्या रेस्ट्स पुसून टाका. व्हॉइस १ च्या रेस्ट्स मात्र पुसता येत नाहीत. नको असतील तर निवडून व्ही दाबायचं, म्हणजे त्या लपतात.

एखाद्याच ठोक्यावर दोघी एका सुरावर आल्या तर एका डोक्याला वर आणि खाली अशा दोन दांड्या लागतात. एकीची अर्धी आणि दुसरीची क्वार्टर असेल तर डोकी वेगळी, शेजारीशेजारी येतात. ते बरोबर आहे. ओढून एकावर एक बसवू नका.

शार्प-फ्लॅटची भानगड जास्त फसवी. सोप्रानोला पहिल्या ठोक्यावर एफ शार्प आहे आणि आल्टोला तिसऱ्या ठोक्यावर तोच. सॉफ्टवेअर दुसऱ्या जागी शार्प दाखवत नाही, कारण त्याच्या हिशेबी तो बारभर लागू आहे. पण आल्टोचं लक्ष आपल्या दांड्यांवर असतं, ती साधा एफ गाऊन मोकळी होते. तालमीतले असे खटके टाळायचे तर तिथे शार्प पुन्हा लिहा.

शब्द भरताना पहिली नोट निवडून कंट्रोल-एल दाबा. पुढच्या शब्दासाठी स्पेस, शब्द तोडायचा असेल तर हायफन, एक अक्षर अनेक सुरांवर लांबवायचं तर अंडरस्कोर. देवनागरीत जोडाक्षर अखंड ठेवा: प्रा-र्थ-ना. फॉण्टही देवनागरीचाच निवडा. लय सारखी असेल तर शब्दांची एकच ओळ दोघींना पुरते. लय वेगळी झाली की सोप्रानोचे शब्द स्टाफच्या वर घ्या, आल्टोचे खाली. लिलीपॉण्डमध्ये, म्हणजे नोटेशन मजकूर टाइप करून लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन ओळी दुहेरी कोनी कंसात दोन बॅकस्लॅशने वेगळ्या केल्या की तिथे नवे व्हॉइस तयार होतात आणि आधीच्या व्हॉइसला जोडलेले शब्द त्या नोट्सना लागत नाहीत. तिथे प्रत्येक आवाजाला नाव देऊन स्वतंत्र व्हॉइस करणंच सोयीचं.

सरावासाठी प्रत्येक आवाजाचा ऑडिओ वेगळा हवा असेल तर आधी चार स्टाफवर लिहा. एका स्टाफवर आल्यावर म्यूझस्कोरचा मिक्सर दोघींचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करू शकत नाही. चार स्टाफ तयार झाले की फाइलची प्रत काढून त्या प्रतीत ते दोनवर आणा. आल्टोचा स्टाफ निवडा, टूल्समधल्या व्हॉइसेसमध्ये जाऊन १ आणि २ ची अदलाबदल करा, सिलेक्शन फिल्टरमध्ये व्हॉइस १ ची खूण काढा, मग कॉपी करून सोप्रानोच्या स्टाफवर पेस्ट करा. खूण तशीच राहिली तर व्हॉइस १ च्या रेस्ट्स सोबत येऊन सोप्रानो पुसून जाईल. टेनर खाली आणताना त्याचा मूळ क्लेफ बघा. त्याच्याखाली ८ असायला हवा. नसेल तर टेनर बास क्लेफवर एक सप्तक वर जाऊन बसेल.

पान छापण्याआधी फिल्टरमध्ये फक्त व्हॉइस २ ठेवून सगळं निवडा. ‘युनिस.’च्या ओळी सोडल्या तर खाली दांडी असलेली प्रत्येक नोट हिरवी झाली पाहिजे. एखादी काळीच राहिली तर ती दांडी उलटवलेली व्हॉइस १ ची नोट आहे. फिल्टर पूर्ववत करा, ती नोट निवडून कंट्रोल-आल्ट-२ दाबा, म्हणजे ती आल्टोत जाईल. मागे व्हॉइस १ मध्ये राहिलेल्या रेस्टच्या जागी सोप्रानोची नोट भरा.