बंपरवरचा ओरखडा आणि उडालेला रंग घरी कसा दुरुस्त करावा

आधी ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा फक्त क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहे. रबिंग कंपाउंडने (घासून गुळगुळीत करणाऱ्या पेस्टने) तो जातो, रंगाची गरज नाही. नख अडकलं किंवा काळं प्लास्टिक दिसलं तरच पुढचा खटाटोप करा.

शाम्पूने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेण किंवा सिलिकॉनचा अंश राहिला तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून उडालेल्या रंगाची कड घासा, नंतर ६०० चा. डोळे मिटून बोट फिरवा; पायरी लागली तर अजून घासा, कारण ती कड रंगाखालूनही दिसते.

उघड्या प्लास्टिकवर आधी प्लास्टिक प्रायमर हवाच. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, त्यावर साधा प्रायमर धरत नाही आणि पापुद्रे निघतात. प्लास्टिक प्रायमरवर फिलर प्रायमर (बारीक चरे भरणारा) मारा, सुकल्यावर ८०० ने घासा.

रंग गाडीच्या कंपनीच्या रंग-कोडनेच घ्या, नुसतं ‘सिल्व्हर’ सांगून नाही. स्प्रे कॅन २०-२५ सेंटीमीटरवर धरून तीन पातळ हात द्या, मध्ये १०-१५ मिनिटं थांबा. जाड हात दिला की ओघळ येतात, मेटॅलिक रंग डागाळतो. शेवटी क्लिअर कोटचे दोन हात. पावसाळी दमट हवेत हे काम टाळा, क्लिअर दुधाळ होतो. दोन दिवसांनी २००० ने हलकं घासून पॉलिश करा. आठवडाभर प्रेशर वॉशर लावू नका.