सावरडो डिस्कार्डच्या चॉकलेट-नट कुकीज : या चुका टाळा

"काकू, हे तं केकच झालं ना जी!" शेजारची मुलगी ट्रे घेऊन दारात उभी होती. कुकीज टम्म फुगलेल्या, तोडल्या की आतून पावासारख्या जाळीदार. चव बरी होती, पण कुकीची कड कुरकुरीत आणि मधला भाग जरा चिवट लागायला हवा, तसं काही नव्हतं. तिने नेहमीच्या रेसिपीत एक वाटी डिस्कार्ड, म्हणजे सावरडो पावासाठी पीठ-पाणी आंबवून ठेवलेल्या स्टार्टरमधून नवं पीठ-पाणी देताना काढून टाकतात तो भाग, घातलं होतं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं होतं. या कुकीजबद्दल मला ज्या तक्रारी ऐकायला येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ इथेच निघतं.

डिस्कार्डमधलं पाणी विसरणं

स्टार्टरला आपण सारख्याच वजनाचं पीठ आणि पाणी देतो. म्हणजे १०० ग्रॅम डिस्कार्ड घातलं की ५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम पाणी आत गेलं. एरवी कुकीच्या पिठात आपण पाण्याचा थेंबही घालत नाही. पाणी वाढलं की मैद्यातलं ग्लुटेन जुळून येतं, ओव्हनमध्ये वाफ धरते आणि कुकी पसरायची सोडून फुगते. गोळा सैल वाटतो म्हणून वरून मूठभर मैदा टाकला, तर कुकी कोरडी आणि घशात अडकणारी होते. पाणी वाढलं असेल, तर ते दुसरीकडून कमी करायला हवं.

पहिली जागा अंड्याची. पांढरा भाग बहुतांशी पाणीच असतो, म्हणून फक्त पिवळा बलक घ्या. अंडं चालत नसेल तर ते सरळ वगळा, डिस्कार्ड बांधणीचं काम बऱ्यापैकी करतं. पण अंड्याऐवजी दूध किंवा दही घालू नका, पाणी पुन्हा तिथेच येतं.

दुसरी जागा बटरची, आणि माझा सगळा भर हिच्यावर आहे. बटरमध्ये सोळा-सतरा टक्के पाणी असतं. घरच्या लोण्यात ताक राहिलं असेल तर त्याहून जास्त. ते कढवून उडवा. आपण तूप करतो तसंच: आधी तडतड होते, मग फेस येतो, मग आवाज शांत होतो आणि तळाशी बेरी सोनेरी व्हायला लागते. तिथेच गॅस बंद करा आणि गाळू नका. तूप गाळून बेरी बाजूला काढायची सवय असते, पण इथे सगळा स्वाद बेरीतच आहे. इंग्रजी रेसिपीतलं ब्राऊन बटर ते हेच. ११५ ग्रॅम बटर कढवून साधारण ९५ ग्रॅम उरतं. ते कोमट होऊ द्या. गरम ओतलं तर बलक शिजतो आणि चॉकलेटचे तुकडे विरघळून पीठ नुसतं तपकिरी होतं.

माझं प्रमाण असं: मैदा १३० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, डिस्कार्ड ८० ग्रॅम, वरचं कढवलेलं बटर, ब्राऊन शुगर १०० ग्रॅम, साधी साखर ७० ग्रॅम, एक बलक, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चॉकलेटचे तुकडे १२० ग्रॅम, भाजलेले अक्रोड किंवा बदाम ८० ग्रॅम. साधारण १८ कुकीज होतात. आपलं नेहमीचं टेबल बटर खारट असतं, ते घेतलं तर वेगळं मीठ नको. साधी साखर जाड दाण्याची असेल तर मिक्सरमध्ये दोन-तीनदा फिरवून घ्या, नाहीतर दाताखाली येते.

डिस्कार्ड मात्र वाटीने मोजू नका. बुडबुडे भरलेलं डिस्कार्ड वाटीभर घेतलं तर वजन कमी भरतं, ढवळून बसवलेलं घेतलं तर बरंच जास्त. छोटा वजनकाटा या पदार्थात ओव्हनइतकाच कामाचा आहे.

नागपूरचा उन्हाळा रेसिपीत लिहिलेला नसतो

परदेशी रेसिपी सांगते, बटर रूम टेंपरेचरला आणा. त्या लेखिकेची खोली २० अंशांची असते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या घरात असताना आपल्या स्वयंपाकघरात बटरचं तेलच होतं. असं पीठ लगेच ट्रेवर ठेवलं की कुकीज एकमेकींत मिसळून एक मोठी पोळी तयार होते. पीठ मळलं की लगेच फ्रिजमध्ये, किमान दोन तास, रात्रभर ठेवलं तर फारच छान. मैदा ओलावा नीट शोषून घेतो आणि चव मुरते. गोळे करून फ्रीझरमध्येही ठेवता येतात. पहिला ट्रे भाजताना उरलेलं पीठ ओट्यावर ठेवू नका, त्याला परत आत पाठवा. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत उलटा त्रास होतो: फ्रिजमधलं पीठ दगडासारखं निघतं, तेव्हा १५ मिनिटं बाहेर ठेवून मग गोळे वळा.

उन्हाळ्यात डिस्कार्डही झपाट्याने आंबतं. ज्याला हिवाळ्यात दिवसभर लागतो, ते इथे मे महिन्यात चार तासांत फुगून खाली बसतं. बरणी फ्रिजमध्येच ठेवा आणि कुकीजसाठी आठवड्याच्या आतलं घ्या. फार जुनं झालं की ते पातळ होतं आणि आंबटपणा चॉकलेटच्या वर चढतो. वर राखाडी पाणी साचलं असेल तर काळजी नको, ओतून टाका. पण गुलाबी किंवा केशरी छटा दिसली, बुरशी आली, तर पूर्ण बरणी फेका. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही. नवीन स्टार्टर लावला असेल तर पहिल्या आठवड्याचं डिस्कार्डही खाण्यात घेऊ नका, त्यात नको ते जिवाणू असू शकतात. आणि कच्च्या पिठाचं बोट चाटायचा मोह मुलांनाही होऊ देऊ नका. मैदाही कच्चा असतो, बलकही.

सोडा

डिस्कार्ड आंबट, साधा कोकोही आंबट. म्हणून इथे बेकिंग पावडर नाही, सोडा हवा. तो आंबटपणा मोडतो, कुकी पसरते. नुसत्या बेकिंग पावडरीने त्या उंच आणि घट्ट राहतात. पण "अजून थोडा" म्हणून सोडा वाढवला की तोंडात साबणाची चव येते, आणि मग त्यावर काही उपाय नाही.

सुकामेवा कच्चा घालणं

कुकी १२ मिनिटांत भाजून होते, तेवढ्यात आतला अक्रोड भाजला जात नाही. आधी १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं वेगळा भाजा, थंड करा, मग तोडा. इतवारी बाजारातून एकदम किलोभर आणलात तर डबा फ्रीझरमध्ये ठेवा, कारण आपल्या उन्हात अक्रोडाला खवट वास लवकर धरतो. आपल्या विदर्भातल्या जंगलांतली चारोळी मला या कुकीजमध्ये फार आवडते, पण तीही लवकर खवट होते. घालण्याआधी दोन दाणे चावून बघा.

चॉकलेटवर उष्णतेने पांढरे पट्टे आले असतील तर ती बुरशी नाही, कोको बटर वर आलेलं असतं. बिनधास्त वापरा. पुडीवर कंपाउंड लिहिलंय का, तेवढं मात्र वाचा. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते आणि ती टाळूला चिकटते.

संत्र्याचा रस

नागपूरच्या घरात संत्रा आणि चॉकलेट एकत्र येणारच. पण रस घातलात तर सुरुवातीला कष्टाने उडवलेलं पाणी परत आलं. साल किसा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसणीवर नीट बसत नाही, म्हणून अख्खं फळच हलक्या हाताने किसा, फक्त नारिंगी थर. पांढरा भाग कडू लागतो. तो कीस साखरेत बोटांनी चोळून घ्या. साखर ओलसर होऊन वास सुटला की बाकीचं घाला.

ओटीजीतून उशिरा काढणं

ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, १७० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा, ट्रे मधल्या खणात ठेवा. ११ ते १३ मिनिटांत कडा बसतात आणि मध्य अजून मऊ, कच्चा वाटतो. तेव्हाच काढा. ट्रेवर दहा मिनिटं राहिल्या की त्या घट्ट होतात. बोटाला टणक लागेपर्यंत आत ठेवल्या, तर संध्याकाळी चहात बुडवल्याशिवाय खाता येत नाहीत.

पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कूलर चालू असलेल्या खोलीत उघड्या ठेवू नका, त्या दमट हवेत तासाभरात सादळतात. सादळल्याच तर १५० अंशांवर पाच मिनिटं फिरवून घ्या, गार झाल्या की कड पुन्हा कुरकुरीत होते.